फिरोजा : निळ्या खड्याचे गुण आणि गुणांच्या कथा



कापडाच्या दुकानात कोणी “पिरोजी रंगाचे दाखवा” असे म्हटले की दुकानदार न चुकता एका विशिष्ट रंगाचे कापड पुढे टाकतो. हा रंग धड निळा नाही आणि धड हिरवाही नाही. या रंगाला ज्याच्यावरून नाव मिळाले तो खडा मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी नीट पाहिलेला असतो. त्याचे नाव फिरोजा किंवा पिरोजा. जुन्या संस्कृत वैद्यकग्रंथांत त्यालाच ‘पेरोजक’ म्हटले आहे.

नाव मुळात फारसी. त्याचा संबंध ‘विजय’ या अर्थाच्या शब्दाशी जोडतात. मुंबईचे प्रसिद्ध पुढारी फिरोजशहा मेहता यांच्या नावातही तोच शब्द आहे. युरोपात हा खडा तुर्की व्यापाऱ्यांच्या हातून पोचला, म्हणून तिकडे त्याला ‘तुर्की दगड’ या अर्थाचे टर्क्वॉइज हे नाव पडले. प्रत्यक्षात उत्तम खडा येई तो इराणातील निशापूरच्या खाणींतून. खाण एका देशात आणि नाव दुसऱ्याच देशाचे, असा हा प्रकार!

आपल्या वऱ्हाडाचाही या नावाशी जुना संबंध आहे. चौदाव्या शतकात दख्खनवर बहामनी सुलतानांचे राज्य होते. राज्याचे चार मोठे प्रांत होते व त्यांतला एक वऱ्हाड. आजचा यवतमाळ जिल्हा हा त्याच वऱ्हाडाचा भाग. पहिला मुहंमदशहा (राज्यकाल १३५८ ते १३७५) याला तेलंगणच्या राजाकडून एक मौल्यवान सिंहासन मिळाले. त्यावर पिरोजी रंगाचा मिना चढवलेला होता, म्हणून ते ‘तख्त-इ-फिरोजा’ या नावाने ओळखले गेले, असे फिरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. राजाच्या आसनाला त्या खड्याचा रंग आणि नाव द्यावेसे वाटावे, एवढी त्याची प्रतिष्ठा होती.

ही प्रतिष्ठा केवळ सौंदर्याची नव्हती. फिरोजा विष उतरवतो, दृष्टी सुधारतो, घोड्यावरून पडणाऱ्याला वाचवतो, मालक आजारी पडणार असेल तर आधीच फिका पडून सूचना देतो, अशा कितीतरी गोष्टी देशोदेशी सांगितल्या जात. आजही जत्रेत, बाजारात खडे विकणारे त्यांतल्या काही गोष्टी सांगतात. त्यांत खरे किती, खोटे किती हे ठरवायचे तर आधी हा खडा कशाचा बनला आहे ते पाहिले पाहिजे.

खडा कशाचा बनतो?

हिरा म्हणजे शुद्ध कार्बन, माणिक म्हणजे ॲल्युमिनियमचे ऑक्साइड. फिरोज्याची घटना इतकी सोपी नाही. त्याच्या एका रेणुसूत्रात तांब्याचा एक अणू, ॲल्युमिनियमचे सहा अणू, फॉस्फेटचे चार गट, हायड्रॉक्सिलचे आठ गट आणि पाण्याचे चार रेणू असतात. म्हणजे फिरोजा हे तांबे व ॲल्युमिनियम यांचे पाणीदार फॉस्फेट होय.

आता वही-पेन्सिल घ्या आणि एक छोटे गणित करा. अणुभार स्थूलमानाने धरू. तांबे ६३.५; ॲल्युमिनियम ६ × २७ = १६२; फॉस्फेट ४ × ९५ = ३८०; हायड्रॉक्सिल ८ × १७ = १३६; पाणी ४ × १८ = ७२. बेरीज ८१३.५. त्यात तांबे ६३.५, म्हणजे जेमतेम ७.८ टक्के. पाच ग्रॅमचा खडा असेल तर त्यात तांबे सुमारे ०.३९ ग्रॅम. हा आकडा ध्यानात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

फिरोज्याची कठिनता मोजपट्टीवर ५ ते ६ भरते. आपल्या नखाची सुमारे २.५, चाकूच्या पोलादाची सुमारे ५.५ आणि गारगोटीची ७. म्हणजे हा खडा रत्नांच्या मानाने मऊच. त्याची विशिष्ट घनता सुमारे २.६ ते २.८. त्याचे स्फटिक इतके सूक्ष्म असतात की नुसत्या डोळ्यांना तो चिनी मातीसारखा एकजीव आणि अपारदर्शक दिसतो. डोळ्यांनी ओळखता येतील असे स्फटिक अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात सापडले, आणि त्यांचे वर्णन विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात प्रसिद्ध झाले. हजारो वर्षे वापरात असलेल्या खड्याचे खरे रूप माणसाला इतक्या उशिरा दिसले!

या सूक्ष्म स्फटिकांच्या मधे बारीक बारीक पोकळ्या असतात. म्हणून फिरोजा सच्छिद्र असतो. तेल, घाम, साबण, अत्तर हे सारे तो थोडेथोडे शोषून घेतो. ही गोष्टही ध्यानात ठेवा.

रंग कोठून येतो?

शेतीच्या औषधांच्या दुकानात मोरचूद मिळते. त्याचे निळेभोर खडे तुम्ही पाहिले असतील. संत्र्याच्या बागांवर फवारायचे बोर्डो मिश्रण मोरचूद आणि चुना यांपासून करतात. मोरचूद म्हणजे तांब्याचे सल्फेट. त्यातल्या निळेपणाचे कारण आणि फिरोज्याच्या निळेपणाचे कारण एकच : दोन धनभारांचा तांब्याचा आयन. तो प्रकाशातील तांबड्या बाजूचे किरण शोषून घेतो व उरलेला निळसर प्रकाश आपल्या डोळ्यांपर्यंत पोचतो. फिरोज्यात ॲल्युमिनियमच्या जागी थोडे लोह शिरले की रंग हिरवटपणाकडे झुकतो. आपल्या रसशास्त्राच्या ग्रंथांत पेरोजकाचे राखेसारखी झाक असलेला आणि हिरवा असे दोन प्रकार सांगितले आहेत. रंगावरून वर्गवारी करणाऱ्या त्या वैद्यांची नजर बारीक होती हे मान्य केले पाहिजे.

रंगाला तांब्याइतकीच पाण्याचीही गरज असते. शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली परीक्षानळीत चिमूटभर मोरचूद तापवा. नळीच्या थंड भागावर पाण्याचे थेंब जमतात आणि निळी भुकटी पांढरी पडते. ती थंड झाल्यावर तिच्यावर पाण्याचे दोन थेंब टाका. निळाई परत येते. फिरोजाही तापवला की त्यातले पाणी निघून जाते व रंग बिघडतो. पण येथे एक महत्त्वाचा फरक आहे. मोरचुदाचा रंग परत येतो, तापलेल्या फिरोज्याचा परत येत नाही. त्याची अंतर्गत रचनाच मोडलेली असते. म्हणून फिरोजा जडवताना सोनार त्याला आचेपासून जपतो.

यवतमाळच्या जमिनीत फिरोजा का नाही?

फिरोजा तयार होण्यासाठी तीन गोष्टी एका ठिकाणी याव्या लागतात. तांब्याचे खनिज झिजून तांबे सुटे व्हावे लागते, फेल्डस्पारसारख्या खनिजातून ॲल्युमिनियम यावे लागते आणि ॲपेटाइटसारख्या खनिजातून फॉस्फेट. जमिनीत मुरणारे पाणी हे तिन्ही आपल्यात विरघळवून नेते आणि खडकांच्या भेगांत फिरोजा साठवते. पाऊस फार झाला तर सारे वाहून जाते. म्हणूनच फिरोज्याच्या प्रसिद्ध खाणी कोरड्या मुलखांत आहेत : इराणात निशापूर, इजिप्तमध्ये सिनाई द्वीपकल्प, अमेरिकेत ॲरिझोना, नेव्हाडा, न्यू मेक्सिको. सिनाईतील सेराबित अल-खादिम येथे प्राचीन इजिप्ती लोकांनी खाणीशेजारी हाथोर देवीचे देऊळ बांधले होते व तिला ‘फिरोज्याची स्वामिनी’ म्हणत.

आता आपला जिल्हा पाहा. यवतमाळचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून वाहिलेल्या लाव्ह्याचे हे थर. २०२१ साली झरी जामणी भागातील शिबला-पार्डी येथे रस्त्याचे काम चालू असताना याच लाव्ह्याचे षटकोनी खांब उघडे पडले, ते वर्तमानपत्रांतून गाजले होते. जिल्ह्याच्या पूर्वेला वणीकडे मात्र खडक बदलतात. तेथे दगडी कोळसा असलेले गोंडवनी थर आणि चुनखडक आहेत. बेसाल्टमध्ये तांबे असते, पण इतके विखुरलेले की त्यापासून फिरोज्याच्या शिरा बनू शकत नाहीत.

तरीही विहीर खणताना निघालेल्या मुरमाच्या ढिगात तुम्हाला कधी निळसर-हिरवी पुटे असलेले दगड सापडतील. तो फिरोजा नव्हे. बहुधा ते सेलॅडोनाइट असते. हे अभ्रकाच्या कुळातले खनिज असून त्याचा हिरवा रंग लोहामुळे येतो. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींत कॅव्हन्साइट नावाचे फार सुंदर निळे खनिज मिळते. त्याचा रंग व्हॅनेडियम या धातूमुळे. तांबे, लोह, व्हॅनेडियम : रंग मिळतेजुळते, पण मूळ निराळे. नुसत्या रंगावरून दगड ओळखू नये, हा खनिजविज्ञानाचा पहिला धडा यातून मिळतो.

बाजारातला फिरोजाही पुष्कळदा फिरोजा नसतो. हाउलाइट आणि मॅग्नेसाइट ही पांढरी, सच्छिद्र खनिजे निळी रंगवून विकतात. कधी प्लॅस्टिकच असते, तर कधी फिरोज्याचा चुरा राळेत घट्ट केलेला असतो. यांची परीक्षा कशी करायची ते शेवटी सांगितले आहे.

औषधी कीर्ती

फिरोज्याला औषध मानणारे लोक जगाच्या कितीतरी भागांत झाले. आयुर्वेदाच्या रसशास्त्रात त्याची गणना उपरत्नांत होते आणि वनस्पतिज व प्राणिज अशा दोन्ही प्रकारच्या विषांचा नाश करणारा असे त्याचे वर्णन आहे. त्याचे शोधन करून, बंद मातीच्या संपुटात भाजून भस्म करीत. युनानी वैद्यकात त्याचा उपयोग डोळ्यांसाठी सुरम्यात आणि हृदयाला बळ देण्यासाठी सांगितला आहे. तिबेटी वैद्यकात यकृताच्या विकारांवर जे पंचवीस घटकांचे एक औषध आहे, त्याला नावच जुन्या फिरोज्याचे दिलेले आहे. लडाखमधील स्त्रिया ‘पेराक’ नावाचे फिरोजे जडवलेले शिरोभूषण घालतात, आणि ते आईकडून मुलीकडे जाते. अमेरिकेतील नावाहो लोकांतही हा खडा रक्षण करणारा मानला जातो.

इतक्या दूरदूरच्या लोकांना एकच गोष्ट वाटली, म्हणजे तीत तथ्य असलेच पाहिजे, असे तुम्ही म्हणाल. विचार योग्य दिशेने आहे, पण घाई नको. या सगळ्यांत समान काय आहे ते पाहा. कोरड्या मुलखात निळा रंग म्हणजे आभाळ आणि पाणी. वाळवंटातल्या माणसाला जीवनदायी वाटावा असाच तो रंग. खड्याचा दुर्मिळपणा आणि किंमत यांनी त्या भावनेत भरच घातली असणार. लोकांची श्रद्धा समान होती हे खरे. गुणही समान सिद्ध झाले असे त्यावरून म्हणता येत नाही.

आता कसोटी लावू

पहिला दावा : मालक आजारी पडला की फिरोजा फिका पडतो. यात निरीक्षण खरे असू शकते. खडा सच्छिद्र असतो हे आपण पाहिले. तापाच्या दुखण्यात घाम येतो, अंगाला तेल किंवा लेप चोळला जातो. हे सारे खड्यात मुरते आणि रंग बदलतो. म्हणजे आजाराचा परिणाम खड्यावर झाला. खड्याने आजार ओळखला नाही. शिवाय निरोगी माणसाच्या अंगठीतला फिरोजाही वर्षानुवर्षांच्या साबणाने व घामाने हिरवट होतो. तेव्हा मात्र कोणी त्याची दखल घेत नाही. जुळलेली उदाहरणे लक्षात राहतात, न जुळलेली विसरली जातात.

दुसरा दावा : अंगठीत घातला की त्यातले तांबे शरीराला मिळते. आपल्या शरीराला तांबे लागते हे खरे. मोठ्या माणसाला दिवसाला एक ते दोन मिलिग्रॅम पुरते, आणि डाळी, तीळ, शेंगदाणे यांतून ते सहज मिळते. आपल्या पाच ग्रॅमच्या खड्यात ३९० मिलिग्रॅम तांबे आहे. पण ते फॉस्फेटच्या जाळ्यात पक्के अडकलेले आहे व पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ते तसे विरघळत असते तर पहिल्याच पावसाळ्यात अंगठीतला खडा संपला असता! जो खडा पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, तो आपल्यातले काही देत नाही म्हणूनच टिकतो.

मग पोटात घेतला तर? जठरात आम्ल असते, त्यामुळे भुकटीतले थोडे तांबे सुटेल. पण जास्त तांबे हे औषध नसून विष आहे. मोरचूद पोटात गेल्यास जोराच्या ओकाऱ्या होतात व यकृताला, मूत्रपिंडाला इजा होते. त्यात बाजारातला खडा रंगवलेला किंवा प्लॅस्टिकचा असण्याचा संभव. तेव्हा खड्याची भुकटी, खडा बुडवून ठेवलेले पाणी किंवा कोणी दिलेले अनामिक भस्म पोटात घेऊ नका.

तिसरा दावा : “मला बरे वाटले.” या अनुभवाची चेष्टा करू नका. पण बरे वाटण्याचे कारण खडाच होता हे कसे ठरवायचे? पुष्कळ दुखणी आपोआप बरी होतात. काहींना नुसत्या विश्वासाने हुशारी वाटते. यासाठी विज्ञानात एक युक्ती आहे. काही जणांना खरा खडा द्यायचा, काहींना हुबेहूब खोटा, आणि कोणाला कोणता दिला ते त्यांना कळू द्यायचे नाही. लंडनमधील मानसशास्त्रज्ञ क्रिस्टोफर फ्रेंच यांनी ८० स्वयंसेवकांवर गारगोटीच्या स्फटिकांचा असा प्रयोग केला व २००१ साली त्याचे निष्कर्ष मांडले. हातात ऊब, मुंग्या, मनाची शांती असे अनुभव खोटा स्फटिक धरणाऱ्यांनाही खऱ्याइतकेच आले. अनुभव खोटे नव्हते; पण त्यांचे उगमस्थान स्फटिकात नव्हते.

विष उतरवणारा खडा?

वरील दाव्यांनी फार तर पैसे जातात. विषाच्या दाव्याने मात्र प्राण जातो, म्हणून त्याचा वेगळा विचार करू.

कापूस, सोयाबीन, तूर यांच्या शेतांत काम करणाऱ्यांना पावसाळ्यात सापाचे भय असते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडचे चार प्रमुख विषारी साप. त्यांचे विष म्हणजे प्रथिनांचे मिश्रण. ते रक्तातून आणि लसिकेतून शरीरभर पसरते. कातडीवर ठेवलेला कोणताही दगड, मग तो फिरोजा असो, जहरमोहरा असो की ‘नागमणी’ म्हणून विकलेला हाडाचा तुकडा असो, रक्तात गेलेले विष परत ओढून घेऊ शकत नाही. पुष्कळ दंश बिनविषारी सापांचे असतात. काही वेळा विषारी साप चावूनही विष पुरेसे सोडत नाही. असा माणूस वाचतो आणि श्रेय दगडाला मिळते. खरा उतारा एकच : प्रतिसर्पविष. घोड्यांच्या शरीरात तयार झालेल्या प्रतिपिंडांपासून ते बनवतात, आणि मुंबईच्या हाफकिन संस्थेचे नाव या कामाशी जोडलेले आहे. दंश झालेला अवयव हलवू न देता रोग्याला लवकरात लवकर दवाखान्यात पोचवणे, एवढेच आपले काम.

दुसरे विष आपण स्वतःच शेतात नेतो. २०१७ सालच्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसजणांच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले, आणि शेकडो लोकांना दवाखान्यात ठेवावे लागले. अशा वेळी अंगावरचे कपडे लगेच काढावेत, साबण-पाण्याने अंग धुवावे आणि औषधाच्या डब्यासह रोग्याला डॉक्टरांकडे न्यावे. डब्यावरील नावावरून डॉक्टरांना उतारा ठरवता येतो. दोरा, ताईत, खडा यांत गेलेले अर्धा तासही महागात पडते.

म्हणूनच कायद्यानेही यात लक्ष घातले आहे. ताईत-मंत्रांसारख्या चमत्कारी उपायांनी रोग बरे करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे असे उपाय करणे हा गुन्हा आहे.

दातांचा फिरोजा

आता एका विलक्षण नकली फिरोज्याची हकीकत ऐका. मध्ययुगात युरोपातील काही धार्मिक वस्तूंवर जडवलेले निळे खडे फिरोजे समजले जात. त्यांतले काही तपासले तेव्हा ते चक्क दात निघाले! दक्षिण फ्रान्समध्ये दीड कोटी वर्षांपूर्वीच्या, हत्तीच्या कुळातील मॅस्टोडॉन प्राण्यांचे अश्मीभूत दात सापडतात. ते सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की निळे होतात. रेओमूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७१५ साली या ‘खाणींविषयी’ लिहिले होते. निळा रंग तांब्याचा नसून दातात मुरलेल्या मँगॅनीजच्या अंशांचा आहे, हे मात्र या शतकाच्या आरंभी आधुनिक उपकरणांनी स्पष्ट झाले.

दातांना फिरोज्याची जागा घेता आली हे गमतीचे आहे, कारण दोघेही मुळात फॉस्फेटच. आपले दात आणि हाडे हायड्रॉक्सिॲपेटाइटची, म्हणजे कॅल्शियमच्या फॉस्फेटची बनलेली असतात. जमिनीत लाखो वर्षे पडून राहिलेल्या त्या दातांत हळूहळू फ्लोरीन शिरले व त्यांचे फ्लुओरॲपेटाइट झाले. ही क्रिया मेलेल्या प्राण्याच्या दातांत झाली. पण फ्लोरीन जिवंत मुलांच्या दातांतही जाऊन बसते. त्यासाठी फ्रान्सला जायला नको. आपल्याच जिल्ह्यातील केळापूर म्हणजे पांढरकवडा परिसरात चला.

अंगठीतला दगड आणि विहिरीतला दगड

पांढरकवडा, झरी जामणी, मारेगाव या भागांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण जास्त आढळले आहे. पांढरकवडा परिसराचा भूशास्त्रज्ञांनी केलेला अभ्यास २००७ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हे फ्लोराइड येते खडकांतूनच. फ्लुओराइट, ॲपेटाइट, अभ्रक अशा खनिजांत फ्लोरीन असते. पाणी खोल खडकांत दीर्घकाळ मुरत राहिले, त्यात बायकार्बोनेट जास्त व कॅल्शियम कमी असले, की ते पाण्यात उतरते. म्हणून उथळ विहिरींपेक्षा खोल कूपनलिकांच्या पाण्यात ते सहसा अधिक सापडते.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरी सोय नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेता येते. थोडे फ्लोराइड दातांना कीड लागू देत नाही. पण प्रमाण वाढले की लहान मुलांच्या हिरड्यांत तयार होत असलेल्या कायमच्या दातांचे लुकण बिघडते. दात येतात तेच पांढुरक्या, मग पिवळ्या-तपकिरी पट्ट्यांचे. घासून ते डाग जात नाहीत. असे पाणी वर्षानुवर्षे प्यायल्यास सांधे आखडतात, पाठीचा कणा ताठरतो. या रोगाला फ्लुओरोसिस म्हणतात. भारतात त्याचे पहिले सविस्तर वर्णन १९३७ साली नेल्लोर भागातून झाले.

दगडाचा शरीरावर परिणाम होतो की नाही, या प्रश्नाचे उत्तर आता आपल्याला मिळाले. होतो, पण जो दगड पाण्यात विरघळून पोटात जातो त्याचा होतो. बोटातला फिरोजा विरघळत नाही, म्हणून तो बरेही करत नाही आणि सहसा बिघडवतही नाही. विहिरीतला अदृश्य दगड मात्र रोज घोटाघोटाने आत जातो. आणि या दुखण्यावर कोणताही खडा चालत नाही. पाणी उकळूनही उपयोग नाही. उलट पाणी आटल्याने फ्लोराइडचे प्रमाण वाढते.

उपाय आहेत आणि ते रसायनशास्त्राचेच आहेत. आपल्या शेजारच्या नागपूर येथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने ‘नलगोंडा पद्धत’ विकसित केली. तीत तुरटी आणि चुना पाण्यात योग्य मापाने मिसळतात. ॲल्युमिनियमच्या साक्यात फ्लोराइड धरले जाते व तळाशी बसते. दुसऱ्या पद्धतीत पाणी सक्रिय ॲल्युमिनाच्या थरातून गाळतात. तुरटीचे माप अंदाजाने ठरवून चालत नाही. ते जाणकाराकडूनच ठरवून घ्यावे लागते. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे सुरक्षित पाणी निवडणे. त्यासाठी पावसाचे पाणी साठवावे किंवा तपासून चांगली ठरलेली विहीरच पिण्यासाठी ठेवावी. दूध, नाचणी, तीळ, हिरव्या भाज्या, आवळा असा कॅल्शियम आणि क जीवनसत्त्व देणारा आहारही मदत करतो. एकदा डागाळलेले दात पूर्ववत होत नाहीत; पण आज ज्या मुलांचे कायमचे दात अजून हिरड्यांत आहेत, त्यांचे दात वाचवता येतात.

करून पाहा

१. कोणाकडे फिरोजा म्हणून घेतलेला सुटा खडा असेल तर शाळेच्या तराजूवर तो आधी हवेत व नंतर बारीक धाग्याने पाण्यात टांगून तोला. हवेतील वजनाला दोन वजनांतील फरकाने भागले की विशिष्ट घनता मिळते. उत्तर २.६ ते २.८ च्या आसपास आले तर खडा फिरोजा असू शकतो; दीडच्या खाली आले तर ते बहुधा प्लॅस्टिक.

२. कापसाच्या बोळ्यावर ॲसिटोनचे दोन थेंब घेऊन खड्याची मागची बाजू पुसा. बोळा निळा झाला तर खडा रंगवलेला आहे. हा प्रयोग खिडक्या उघड्या ठेवून व ज्योतीपासून दूर, शिक्षकांसमोर करावा. मालकाची परवानगी घ्यायला विसरू नका!

३. तुमच्या गावातील पिण्याच्या पाण्याच्या सर्व जागांची यादी करा. प्रत्येकीची खोली किती, पाणी कोण पिते, शेवटची तपासणी कधी झाली हे लिहा. स्वच्छ बाटल्यांत नमुने भरून, शिक्षक व ग्रामपंचायत यांच्यामार्फत ते भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेकडे पाठवा. आलेला फ्लोराइडचा आकडा त्या त्या विहिरीजवळ मोठ्या अक्षरांत लिहा. १.५ पेक्षा जास्त असेल तेथे ‘पिण्यासाठी नको’ असेही लिहा; ते पाणी धुण्याला चालेल.

फिरोजा तुम्हाला आवडला तर अवश्य घाला; निसर्गाने तांबे, ॲल्युमिनियम, फॉस्फेट आणि पाणी यांतून घडवलेली ती एक सुंदर वस्तू आहे. मात्र पुढच्या वेळी त्याच्याकडे पाहाल तेव्हा गावातल्या कूपनलिकेचे पाणी तपासून झाले आहे का, हेही विचारा.